घरमालकाची सही

रिठदच्या बोडखेंच्या घरी इंद्रभान वारून दीड वर्ष झालं होतं, पण कागदोपत्री म्हणाल तर म्हातारा ठणठणीत होता. लाइटचं बिल त्याच्या नावानं येई, घरपट्टीची पावती त्याच्या नावानं फाटे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घर त्याच्याच नावावर होतं. गावाला ह्याचं नवल नव्हतं. अर्ध्या गावाची लाइटबिलं वर गेलेल्यांच्या नावानं येतात आणि खाली राहिलेले ती मुकाट भरतात. बोडखेंकडे मात्र हे आळसापायी झालेलं नव्हतं. ग्रामसेवकानं वारसाची नोंद करून घ्या म्हणून दोनदा निरोप धाडला, धाकट्या मुन्नानं कागदही गोळा केले, तेव्हा इंद्रभानच्या बायकोनं, सोजरबाईनं एका वाक्यात विषय मिटवला होता.

"त्यायचं नाव कमी करा लागते म्हन्तात ना? मंग राहू द्या. मी हाय तोवरी ह्या घरातून कोनाचं नाव कमी होनार नाई."

तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मुन्नानं कागद पिशवीत घालून पिशवी खुंटीला टांगली आणि थोरली सून वर्षाराणी भाकरी थापायला लागली. तिचा नवरा पवन पुण्याजवळच्या कंपनीत होता, दोन-तीन महिन्यांनी एकदा येई. त्यामुळे घरातल्या वादात त्याचं मत फोनवरून येई आणि आवाज नीट ऐकू आला नाही असं म्हणून ते सोडून देता येई.

इंद्रभानची पंचक्रोशीत ओळख होती ती बैलांच्या साजासाठी. पोळ्याच्या दोन महिने आधीपासून तो ओसरीत बसे आणि बैलाच्या तोंडावर चढवायच्या सुताच्या मोरख्या, कासरे, रंगीत गोंडे वळी. त्याच्या हातची मोरखी चढवली की मरतुकडा बैलही मान वर करतो, असं लोक म्हणत. पुढे अर्धांगाचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला. शेवटची तीन वर्षं तो खाटेवर बसून नुसतं सांगे आणि वर्षाराणी करी. "पीळ बोटात नाई व पोरी, मनगटात पाह्यजे," असं म्हणून डाव्या हातानं तिचं मनगट फिरवून दाखवी. अशानं तिला गोंडे आले. त्याची सहीसुद्धा अशीच आली.

सहीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. इंद्रभान सातवी शिकलेला होता आणि त्याला दोनच गोष्टींचा गर्व होता, मोरखीचा आणि सहीचा. हात गेल्यावर बँकेतल्या कारकुनानं शाईचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "बाबा, अंगठा लावा." म्हातारा जो उठला तो पैसे न काढताच घरी आला. त्या दुपारी त्यानं सुनेला जवळ बसवलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सही गिरवून घेतली. 'इ'ची मान उंच न्यायची, 'भा'ला घाई करायची नाही आणि शेवटच्या 'न'खाली उजवीकडे एक फटकारा मारायचा. चाळीस वेळा गिरवल्यावर म्हणाला, "जमली. आता मी बसतो, तू कर." तेव्हापासून पीकविमा असो, रेशनचा अर्ज असो, तो शेजारी बसे आणि ती सही करी. हात तिचा आणि सही त्याची, ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सून म्हणजे घरातला हातच की!

तो गेल्यावर साज घ्यायला येणारेही कमी झाले. बैलच कमी झाले, तिथं गोंडे कोण घेणार? गावात आता एका बैलजोडीमागे पाच ट्रॅक्टर. पण वर्षाराणीनं एकदा मोबाइलवर पाहिलं की शहरातले लोक असले गोंडे दाराला, भिंतीला, गाडीतल्या आरशालाही टांगतात. तिनं स्वतःच्या नावानं ऑनलाइन विक्रीचं खातं उघडलं आणि पहिल्या जोडीचा फोटो काढून टाकला. पुण्याच्या एका बाईनं ती घेतली. मग नाशिकहून मागणी आली, मग कोल्हापूरहून. ज्या साजासाठी बैल लागत होता त्याला आता नुसता खिळा पुरत होता. सोजरबाई सूत निवडून द्यायची आणि म्हणायची, "माणसं बी मोठी नवलाची बाप्पा. बैल नाई, अन् दाराले मोरखी!"

एवढ्यात बंगळूरहून एका बाईचा प्रश्न आला. गणपतीसाठी तीस जोड्या हव्यात, पण माझ्या पत्त्यावर पाठवता येत नाही असं दिसतंय, काय करू? वर्षाराणीनं पाहिलं तर खरंच, महाराष्ट्राबाहेरचा एकही पत्ता घेतला जात नव्हता. ती एसटीनं रिसोडला गेली. तिथं प्रेमचंदशेठच्या किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा मुलगा सन्मती लोकांचे कराचे अर्ज भरून देई.

"वहिनी, गोष्ट सोपी हाय," सन्मती म्हणाला. "तुमची विक्री लहान. दुकानावर बसून विकलं असतं तर कोनी इचारलं नसतं. पन ऑनलाइन विकता, म्हनून कायदा येगळा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकाल तोवर तुमच्या पॅनवर भेटलेला नोंदणी क्रमांक चालते. राज्याबाहेर एक गोंडा जरी धाडला तरी जीएसटीचा नंबर पाह्यजेच. अन् एकदा नंबर घेतला की विवरण भरत राहा लागते, विक्री शून्य असली तरी. पोरगं सांभाळल्यावानी हाय ते. रोज लक्ष द्या लागते."

"देईन लक्ष," वर्षाराणी म्हणाली. "घ्या नंबर."

"धंद्याची जागा?"

"घरातलीच खोली."

"लाइटबिल कोनाच्या नावानं?"

"मामाजीच्या."

"मंग त्यायचं संमतीपत्र आना, स्टॅम्पपेपरवर. माह्या घरात सुनेनं धंदा केला तर माही हरकत नाई, इतकंच. खाली घरमालकाची सही."

इथं तिनं सांगायला हवं होतं. मामाजी वारले, एवढे दोन शब्द. पण त्या दोन शब्दांमागे मृत्यूचा दाखला होता, वारसाची नोंद होती, खुंटीवरची पिशवी होती आणि सोजरबाईचा चेहरा होता. बंगळूरच्या बाईला आठ दिवसांत उत्तर हवं होतं. वर्षाराणी म्हणाली, "आनते."

घरी येऊन तिनं दुपारीच येताना आणलेला स्टॅम्पपेपर पुढे घेतला. सासू शेजारी सूत गुंडाळायला गेली होती. वर्षाराणीनं पेन धरलं आणि हात आपोआप चालला. उंच मान, सावकाश 'भा', शेवटी फटकारा. सही पुरी झाली तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. खाटेवर कोणी बसलंय आणि "जमली" म्हणतंय असं वाटलं. दीड वर्षांनी मामाजींची सही पुन्हा कागदावर आली होती.

बारा दिवसांनी सन्मतीचा फोन आला. "वहिनी, उद्या वाशिमवरून जीएसटीचे निरीक्षक येनार हायेत, जागा पाह्यले. फोटो काढतीन, दोन-चार प्रश्न इचारतीन. काकाजीले घरी थांबा म्हना. घरमालकाले भेटाचं म्हनतात ते."

वर्षाराणी तडक मुन्नाकडे गेली. मुन्नाला सांगितलं तर तो हसला. "त्यात काय, वहिनी? म्हनू का बाबा वावरात गेले. साहेब काय चिखल तुडवत वावरात जाते काय?"

"अन् फोटो?"

ओसरीतून आत आलं की समोरच्याच भिंतीवर इंद्रभानचा हार घातलेला फोटो होता. मुन्नानं भिंतीकडे पाहिलं आणि पाय काढता घेतला. तेही तिच्यावरच आलं.

सकाळी सोजरबाई महादेवाला गेली आणि तिथूनच वावरात निंदायला जाते म्हणाली. तशी वर्षाराणी स्टुलावर चढली. फोटो काढला, हार काढला, दोन्ही बैलाच्या एका झुलीत गुंडाळून आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे ठेवलं. खाली उतरून पाहिलं तर भिंतीवर एक खिळा आणि फोटोएवढा पांढुरका चौकोन राहिला होता. एवढी वर्षं ह्या घरात काढली, पण कामाची लाज तिला पहिल्यांदाच वाटली. सही करताना वाटली नव्हती ती लाज आता वाटत होती आणि तिचं करायचं काय हे तिला सुचत नव्हतं.

निरीक्षक साहेब तरुण होते, नगरकडचे, बोलायला सरळ. त्यांनी खोली पाहिली, गोंड्यांचे ढीग पाहिले, मोबाइलवर फोटो घेतले. एक मोरखी हातात घेऊन म्हणाले, "आमच्याकडं पण पोळा असतो, पण असं काम नाही पाहिलं मी. तुम्ही केलं?"

"मामाजीनं शिकवलं," वर्षाराणी म्हणाली.

"तेच घरमालक ना? इंद्रभान बोडखे? कुठं आहेत ते?"

"वावरात गेले," मुन्ना दारातून म्हणाला.

"बोलवा की मग. थांबतो मी. दुपारपर्यंत मला दुसरं काम नाही."

मुन्नानं पायात चपला घातल्या, पण तो निघेना. जाणार तरी कुठे? साहेब खुर्चीवर टेकले, चहा प्याले, इकडेतिकडे पाहू लागले. त्यांची नजर भिंतीवर गेली, खिळ्यावर थांबली आणि पुढे सरकली. वर्षाराणीला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी नाही विचारलं. विचारलं ते दुसऱ्याच कोणी.

"फोटो कुठी गेला?"

सोजरबाई दारात उभी होती. वावरात ओल फार, म्हणून बाया परत फिरल्या होत्या. रोज घरात पाऊल टाकलं की ती आधी त्या भिंतीपाशी जाई, फोटोला हात लावी आणि मग पदरानं तोंड पुसे. आज हात वर झाला आणि तिथंच राहिला.

"आई, तू आत चाल," मुन्ना म्हणाला.

"फोटो कुठी गेला म्हन्ते मी?"

साहेब एकदा म्हातारीकडे, एकदा खिळ्याकडे बघत होते. वर्षाराणीला कळलं की इथून पुढे अजून एक खोटं बोलता येईल, सासू भ्रमिष्ट झाली म्हणता येईल, फोटो दुरुस्तीला दिला म्हणता येईल. मुन्नाच्या तोंडाशी तसलं काही आलंही होतं. पण सासूचा तो भिंतीवर राहिलेला हात तिला पाहवेना. ती आत गेली, कोठीमागची झूल उलगडली आणि फोटो घेऊन बाहेर आली.

"साहेब, हे माहे मामाजी. दीड वर्स झालं वारले. संमतीपत्रावरची सही मी केली हाय. सन्मतीभाऊले बी ठावं नाई. ते होते तवाबी मीच करत होती, त्यायनंच शिकवली. पन ते गेल्यावर कराले नोयती पाह्यजे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "ताई, मेलेल्या माणसाची सही म्हणजे खोटी सही. हे मी पाहिलंच नाही असं मला करता येणार नाही."

"हो, साहेब."

"मला जबाब लिहावा लागेल. घरातल्या वडीलधाऱ्यांचा. आजी, तुम्ही कोण ह्यांच्या?"

"घरवाली."

"मयत घरमालकाचं नाव सांगा."

साहेबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! सोजरबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. लग्नात आणि हळदीकुंकवाला घेतलेले चार उखाणे सोडले तर बावन्न वर्षांत ते नाव तिच्या जिभेवर आलं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत कोणी विचारलं की ती सुनेकडे बघे आणि सून सांगे. आताही वर्षाराणीनं सवयीनं तोंड उघडलं, "इंद्र..."

सोजरबाईनं हात वर करून तिला थांबवलं. सुनेच्या हातातला फोटो तिनं आपल्या हातात घेतला. काचेवरची धूळ पदरानं पुसली.

"इंद्रभान," ती म्हणाली. थांबली. मग जरा मोठ्यानं, "इंद्रभान कोंडुजी बोडखे. वारले ते. वावरात नाई गेले. लिवा, साहेब."

मुन्ना खाली बघत होता. साहेब लिहीत होते. वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही तिला नव्हतं.

जाताना साहेबांनी स्पष्ट सांगितलं. हा अर्ज नामंजूर होणार. तुम्ही स्वतःहून कबूल केलं तेही मी लिहितो, पण वरून खुलासा मागितला तर तो द्यावा लागेल. नंबर हवा असेल तर आधी घर वारसांच्या नावावर करा, मृत्यूचा दाखला जोडा, जिवंत माणसाची संमती घ्या आणि नवा अर्ज भरा. चपला घालता घालता ते म्हणाले, "आजींचं नाव लागलं की एका दिवसाचं काम आहे हे. आधीच केलं असतं तर?"

बंगळूरचे गणपती कोणासाठी थांबणार होते? आधी हो म्हटलं होतं, आता वर्षाराणीनं त्या बाईला कळवलं की जमणार नाही. मुन्ना चिडला. "खरं बोलून काय भेटलं? नंबर बी गेला अन् तीस जोड्या बी." वर्षाराणीला त्या जोड्यांचं वाईट वाटत होतं, पण खरं दुखत होतं ते वेगळंच. सोजरबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. जेवायला बसली की ताटाकडे बघून जेवी. फोटो तिनं स्वतः खिळ्यावर लावला, स्टुलावर चढताना सुनेचा हातसुद्धा धरला नाही.

तिसऱ्या दिवशी सूत निवडताना ती एकदम म्हणाली, "सही केली ते समजलं मले. त्यायनंच लावली तुले सवय. पन फोटो काहून काढला व? जित्या मानसाले कोठीमांगं लपोते काय कोनी?"

"चुकलं, आत्याबाई," वर्षाराणी म्हणाली आणि रडू लागली. "तुमी नाव कमी करू देत नोयत्या. मले वाटलं, सांगतलं तर तुमाले तरास होईन."

सोजरबाईनं सुताची लड बाजूला ठेवली. "म्हंजे मीच जितं ठेवलं त्याईले," ती म्हणाली, "अन् मंग तुले त्यायची सही करा लागली." तिचा आवाज रागाचा नव्हता. ती जणू एखादा हिशेब लावत होती आणि तो तिच्या मनाविरुद्ध बरोबर येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि मुन्नाला घेऊन ग्रामपंचायतीत गेली. पुढे दाखला, वारसांचे जबाब, मासिक सभेतला ठराव असं करत महिना-दीड महिना गेला. एक दिवस ती नव्या नमुना आठची नक्कल घेऊन आली आणि सुनेपुढे धरली. "वाच."

"सोजरबाई इंद्रभान बोडखे," वर्षाराणीनं वाचलं.

"मधातलं पुन्हा वाच."

"इंद्रभान."

"मी म्हनत होती, नाव जाईन. हे तं माह्या पाठीशीच उभे हायेत." एवढं म्हणून ती चूल पेटवायला गेली.

पोळा झाला, गणपती झाले, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, तेव्हा नव्या संमतीपत्राचा स्टॅम्पपेपर घरात आला. सन्मतीनं मजकूर लिहून दिला होता. आधी त्यानं वर्षाराणीला भरपूर बोलून घेतलं होतं आणि मग अर्जाचे पैसे निम्मे घेतले होते. वर्षाराणीनं तो कागद ओसरीत पाटावर ठेवला आणि शाईचा डबा आणला. सोजरबाई लिहायला शिकलेली नव्हती, अंगठाच देणार होती. मजकूर तिनं दोनदा वाचून घेतला. माझ्या मालकीच्या घरात माझी सून वर्षाराणी पवन बोडखे हिनं व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही.

"खरंच नाई," ती म्हणाली आणि तिनं अंगठा दाबला. तो ठसठशीत उमटला.

मग बोट पदराला पुसता पुसता ती म्हणाली, "एक कोरा कागद आन."

"कायले, आत्याबाई?"

"आन त खरं."

वर्षाराणीनं वहीचं पान फाडून आणलं. सोजरबाईनं ते पाटावर सरळ केलं आणि पेन सुनेच्या हातात दिलं.

"त्यायची सही कर. एक बार. मंग कधी करू नको."

वर्षाराणीनं 'इ'ची मान उंच नेली, 'भा'ला घाई केली नाही आणि शेवटच्या 'न'खाली उजवीकडे फटकारा मारला. सोजरबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण फटकारा ओळखू आला. तिनं त्याच्यावरून शाईचं बोट लागणार नाही असा वरच्या वरच हात फिरवला.

कागदाची घडी करून तिनं स्टूल ओढलं. ह्या वेळी वर चढताना तिनं सुनेचा खांदा धरला. फोटो खिळ्यावरून काढला, चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी सरकवली आणि फोटो परत जागेवर लावला.